पायांकडे बघणारे डॉक्टर

आमच्या कंपनीच्या दवाखान्यात एक डॉक्टर होते. त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. नावं तर नाहीच नाही. पहिली पाळी सुटायची वेळ झाली की ते दवाखान्याच्या दारात लाकडी स्टूल टाकून बसायचे. हातात चहाचा कप आणि नजर जमिनीवर. नव्या माणसाला वाटायचं, डॉक्टरांचं काहीतरी पडलंय. पडलेलं काही नसायचं. ते गेटाकडे निघालेल्या माणसांचे पाय बघत असायचे.

"ए, उजवी टाच बाहेरनं झिजलेला. हां, तूच. उद्या कंबर दाखवायला ये."

"डॉक्टर, माझी कंबर नाही दुखत."

"दुखेल. ये तू."

बहुतेक वेळा ती दुखायचीच. नाही दुखली तर डॉक्टरांना ते आवडायचं नाही.

एकदा वर्क्स मॅनेजर गेटाशी गाडीत बसले होते. काच खाली करून त्यांनी विचारलं, "काय डॉक्टर, बरं आहे ना?" डॉक्टरांनी वाकून आत बघितलं. ओळख पटेना. म्हणाले, "जरा उतरून चालून दाखवता का?" मॅनेजर उतरले नाहीत, पण हसले. तो त्यांचा मोठेपणा. नंतर कुणीतरी डॉक्टरांच्या कानावर घातलं, की अहो, ते कोण होते माहितीय का. तर म्हणे, "असं होय. दोन्ही पावलं बाहेर फेकत चालतो तो. पण बसलेला माणूस ओळखायचा कसा?"

डॉक्टर कोकणातले. मुंबईला शिकलेले, पण बोलण्यात 'नाय' गेलं नव्हतं ते नव्हतंच. लग्न केलेलं नव्हतं. चिंचवड स्टेशनजवळ एका बंगल्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या घेऊन राहायचे. गोळ्या द्यायला कंजूष आणि इंजेक्शन द्यायला त्याहून कंजूष. कामगाराला सुई टोचल्याशिवाय औषध घेतल्यासारखं वाटत नाही, तो काळ तर तसाच होता. कुणी सुईचा हट्ट धरला की डॉक्टर शांतपणे सांगायचे, "सुई हवी? कोपऱ्यावर शिंपी बसतो."

कमरेतून पायात कळ जाणाऱ्या माणसाला मात्र ते सोडायचे नाहीत. फोर्ज शॉप, फाउंड्री, लोडिंग, सगळीकडून अशी माणसं यायची. त्यांना उताणं झोपवायचं, गुडघा न वाकवता पाय हळूहळू वर उचलायचा आणि जिथं माणूस ओरडेल तिथं थांबून विचारायचं, "कुठं गेली? मांडीत? पोटरीत? कुठल्या बोटात?" बोट सांगितलं की त्यांना कुठल्या मणक्याशी भानगड आहे ते कळायचं. मग उपाय एकच. फळी.

तेव्हा कंपनीत बाहेरदेशाहून मशिनं यायची, ती जाड फळ्यांच्या खोक्यांतून. खोकी फोडल्यावर फळ्या भंगारात पडायच्या. डॉक्टरांनी स्टोअरवाल्याशी बोलून त्या फळ्या दुखणेकऱ्यांना मिळायची सोय केली. गादी काढायची, खाटेवर फळी टाकायची, वर एक सतरंजी आणि गुडघ्याखाली उशी. त्यामुळे चिंचवड गावठाणात त्या वर्षांत कितीतरी घरांत माणसं परदेशी अक्षरांच्या फळ्यांवर झोपायची. आमच्या घरी जी फळी आली तिच्यावर काळ्या रंगात एक पेला काढला होता. आईनं विचारलं, "ह्यो पेला कशापायी?" मी सांगितलं, "आतला माल फुटेल, जपून ठेवा, असा अर्थ." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग बराबर हाय."

आमच्या घरी फळी कशी आली ते सांगतो.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आमच्या आळीत बी.एस्सी. झालेला मीच पहिला, आणि हे मी सांगितल्याशिवाय राहत नाही, कारण ते काही फुकट मिळालेलं नाही. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आईनं पवनेकाठची वांगी आणि मेथी डोक्यावर नेऊन विकली आणि मला शिकवलं. पदवी मिळाली, कंपनीत इन्स्पेक्शनला लागलो. गिअर मोजायचे, बरोबर असेल तर पुढे, नसेल तर लाल रंग मारून बाजूला. काम स्वच्छ, पांढरा कोट. पण मी अजून प्रोबेशनवर होतो. कन्फर्म झालो की घर उभं राहिलं, नाही झालो की आईच्या डोक्यावर पुन्हा पाटी. आणि त्याच दिवसांत माझी कंबर धरली.

कंबर म्हणतो, पण दुखायचा पाय. डाव्या कुल्ल्यातून कळ निघायची ती मांडीच्या मागनं, नडगीच्या बाहेरच्या अंगानं थेट पायाच्या अंगठ्यात. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. संडासला बसणं म्हणजे शिक्षा. डॉक्टरांनी पाय उचलला, तो जेमतेम वीतभर वर गेला आणि मी त्यांचा हात धरला.

"अंगठ्यात गेली?"

"हो."

"डावा," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'डावा' झालो. पुढे इतकी वर्षं ओळख राहिली, पण माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

फळी आली. दवाखान्यात पायाला वजन लावणं सुरू झालं. पलंगाच्या पायथ्याशी टूलरूमच्या पोरांनी एक कप्पी बसवली होती. तिच्यावरून दोरी, दोरीचं एक टोक माझ्या पायाच्या पट्ट्याला आणि दुसऱ्या टोकाला वजन म्हणून रिजेक्ट झालेले गिअर ओवलेले. लाल रंग मारलेले. म्हणजे मीच नापास केलेले गिअर माझाच पाय ओढत होते. टूलरूमचा फोरमन मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, "राव, सूड घेतायत ते."

थोडा आराम पडायचा, पुन्हा दुखायचं. दिवस चालले होते, रजा संपत चालली होती. आईचा धीर सुटला. एक दिवस ती स्वतःच डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"डाक्टर, मी याला पायाळूकडं न्यू का?"

आमच्याकडे जो माणूस आईच्या पोटातून पायाकडून बाहेर येतो तो पायाळू. त्यानं पाठीवर पाय मारला की उसण उतरते, असं लहानपणापासून ऐकत आलेलो. भरलेली कंबर आणि उसण यांत आमच्या लोकांना फरक वाटत नाही. मला तरी कुठं वाटत होता? मी प्राणिशास्त्र शिकलो होतो, बेडकाच्या नसा सुट्या करून दाखवल्या होत्या. पण स्वतःच्या पायात कळ जाते तेव्हा माणूस बेडकाचं काही आठवत बसत नाही.

मला वाटलं, डॉक्टर आता चिडणार. ते चिडले नाहीत. त्यांनी आईला स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले.

"आई, पुरणपोळी करता ना?"

"व्हय."

"लाटताना कधी कडेनं पुरण बाहेर येतं?"

"येतं की. जादा दाबलं तर येतंच."

"याच्या मणक्यात तसंच झालंय. दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते, ती कडेनं बाहेर आलीय आणि नसेच्या मुळावर बसलीय. आता सांगा, फुटलेलं पुरण लाथ मारून आत जातं?"

आईनं विचार केला. "न्हाई जात," ती म्हणाली. "पर पोळी टाकून बी देत न्हाई आमी."

डॉक्टर हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. "जायचंच असेल तर जा. पण त्याला सांगा, हळू. आणि हे नीट ऐका. दुखणं वाढलं, तर उद्या या. दुखणं थांबलं, तर त्याच पावली माझ्याकडे या."

वाटेत आई म्हणाली, "त्येचं डोस्कं फिरलंय. बरं झाल्यावर डाक्टरकडं कोन जातं?"

पायाळू होते ते स्टेशनरोडला सायकली दुरुस्त करणारे चाचा. आमच्याच गावातले, त्यांचे वडील टांगा चालवायचे. सगळी आळी त्यांना चाचाच म्हणायची. पाठीवर पाय मारायला त्यांना मनापासून आवडायचं नाही. "बेटा, मी पायाळू आहे, हकीम नाही," असं म्हणत त्यांनी हात पुसले, चप्पल काढली आणि पालथं पडलेल्या माझ्या कमरेला अगदी अलगद पाय लावला. आईचं समाधान होईना. "चाचा, जरा जोरात." "वहिनी, पोराची कमर आहे, पंप नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर दुखत नव्हतं.

थोडं कमी वगैरे नाही. नव्हतंच. इतके आठवडे जी कळ माझ्याबरोबर झोपली-उठली ती गायब. मी खोकून बघितलं. शिंक येईना तर तपकीर ओढून शिंकून बघितलं. काही नाही. आईनं मोरयाला नारळ फोडला, चाचांकडे पेढे पाठवले आणि उरलेला पुडा माझ्या हातात दिला. "त्या डाक्टरला बी दे जा. कळू दे त्याला."

मी ऐटीत निघालो. वाटेत माझी डावी चप्पल दोनदा मागं राहिली. मला वाटलं, सैल झालीय, बदलायला पाहिजे.

पाळी सुटत होती. डॉक्टर स्टुलावर होते. मी गेटातून आत शिरलो आणि पेढ्यांचा पुडा वर धरून दाखवला. ते पुड्याकडे बघत नव्हते. त्यांनी कप जमिनीवर ठेवला.

"डाव्या, तिथंच थांब."

मी थांबलो.

"दुखणं कधी थांबलं?"

"आज सकाळी. एकदम गेलं, डॉक्टर. पेढे घ्या."

"पेढे राहू दे. टाचांवर चालून दाखव."

उजवी टाच टेकून पाऊल वर राहिलं. डाव्या पायाचं पाऊल फटकन खाली आपटलं. मी पुन्हा केलं. पुन्हा आपटलं. गेटावरची माणसं बघायला लागली होती. डॉक्टर माझ्यापुढे सिमेंटवर चक्क मांडी घालून बसले, माझं पाऊल हातात घेतलं आणि म्हणाले, "अंगठा वर कर."

मी केला. म्हणजे मनात केला. अंगठा हलला नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा तो तिथं पडून होता, आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

डॉक्टर उठले. वर्क्स मॅनेजरांची गाडी नेमकी बाहेर पडत होती. ते तिच्या आडवे उभे राहिले. "साहेब, उतरा." या वेळी साहेब उतरले. त्यांना डॉक्टरांचा चेहरा बघून कळलं असावं. मला मागच्या सीटवर आडवं टाकलं, वाटेत गावठाणातून आईला घेतलं आणि आम्ही पुण्याला एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथले सर्जन डॉक्टरांच्या वर्गातले.

खरी लढाई तिथल्या व्हरांड्यात झाली. सर्जननी तपासून सांगितलं, आजच्या आज ऑपरेशन. आई भिंतीला टेकून उभी होती.

"आता दुखत न्हाई म्हनतोय पोर. मंग कापायचं कशापायी?"

"आई," डॉक्टर म्हणाले, "दुखणं गेलेलं नाय. दुखतंय म्हणून ओरडणारी नस होती, तिचा गळा दाबला गेलाय. आता ती ओरडत नाय. पायाला वर उचल म्हणून पण सांगत नाय."

"चाचाच्या लाथेनं झालं का ह्ये?"

"नाय. त्यांनी पाय लावला नसता तरी झालं असतं. त्यांना दोष देऊ नका."

"कापल्यावर पाय येईल?"

"येईलसं वाटतं. लवकर केलं तर जास्त वाटतं. पण मी शब्द देत नाय."

"आन न्हाईच आला तर?"

"तर नाय आला. लंगडेल."

मला त्या क्षणी डॉक्टरांचा राग आला. आजारी माणसाच्या आईशी कुणी असं बोलतं का? आईला मात्र राग आला नाही. वडिलांच्या आजारात तिला पुष्कळ लोकांनी पुष्कळ शब्द दिले होते. ती म्हणाली, "आतापतुर समद्यांनी शब्दच दिले. तुमीच एकटे न्हाई देत. करा काय करायचं ते."

ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, चांगलं झालं. पण अंगठा हलेना. दिवसामागून दिवस हलेना. डॉक्टर दर रविवारी लोकलनं पुण्याला यायचे, कसा आहेस वगैरे विचारायचे नाहीत, पायावरची चादर उचलायचे. "वर कर." बघायचे. चादर टाकायचे. मग आईनं आणलेली भाकरी खाऊन जायचे. मी घरी आलो तरी रविवार चुकला नाही.

पाऊल लोंबायचं, त्यामुळे चालताना बोटं जमिनीत अडकायची. त्यावर डॉक्टरांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला सुचलं असतं असं मला वाटत नाही. ते चाचांच्या दुकानात गेले. माझं ऑपरेशन झाल्यापासून चाचांनी दुकानात कुणाच्या पाठीला पाय लावला नव्हता. माझं ऐकून त्यांनी हाय खाल्ली होती. डॉक्टर म्हणाले, "चाचा, तुमच्या पायानं काही बिघडलं नाय. आता हातानं थोडं करा." चाचांनी मोचीकडून पोटरीला बांधायचा चामडी पट्टा करून घेतला, सायकलच्या सीटची स्प्रिंग काढली, एक टोक पट्ट्याला आणि एक बुटाच्या पुढच्या भागाला अडकवलं. पाय उचलला की स्प्रिंग पाऊल वर ओढायची. पहिल्या दिवशी स्प्रिंग इतकी ताठ होती की माझं बोट आकाशाकडे. चाचांनी दुसरी बसवली. "ही लेडीज सायकलची आहे," ते म्हणाले, "नरम असते."

त्या स्प्रिंगवर मी कामावर गेलो. पर्सोनेल ऑफिसर मला बसा म्हणाले नाहीत, यावरून मला काय ते कळलं. प्रोबेशनचा माणूस, त्यातून पाय अधू. डॉक्टर माझ्याबरोबर आले होते. ऑफिसर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही याला पूर्ण फिट म्हणून लिहून द्या, मी लगेच पुढे पाठवतो."

"पूर्ण फिट नाय तो. खोटं कसं लिहू?"

मी डोळे मिटले.

"तो वजन उचलणार नाय, शिडी चढणार नाय. पण तुम्ही त्याला उचलायला घेतलाय की मोजायला? त्याचा पाय आपटतो. मायक्रोमीटर आपटतो का? चला, शॉपमध्ये चला."

त्यांनी ऑफिसरला खरोखर माझ्या टेबलापर्यंत नेलं. मी गिअर मोजले. डॉक्टर तोवर ऑफिसरच्या बुटांकडे बघत होते. बाहेर पडताना म्हणाले, "तुमची उजवी टाच बाहेरनं झिजलीय. कंबर दाखवायला या." महिन्याच्या आत मी कन्फर्म झालो. ऑफिसर कमरेसाठी दवाखान्यात आले की नाही ते मला माहीत नाही, पण पुढे स्टोअरमधून त्यांच्या बंगल्यावर एक फळी गेली, असं ऐकलं.

अंगठा हलला तो एका रविवारी, आमच्या घरी. डॉक्टर ओट्यावर बसून भाकरी खात होते, मी फळीवर. त्यांनी घास न थांबवता "वर कर" म्हटलं आणि मी नेहमीसारखा केला. नखाचं टोक हललं. जेमतेम. मला वाटलं भास झाला. डॉक्टरांचा हात ताटावरच थांबला. "परत," ते म्हणाले. परत हलला. आई चुलीपाशी होती, तिला कुणीच काही सांगितलं नाही. पण आम्ही दोघंही गप्प झालेले बघून ती बाहेर आली, माझ्या पायाकडे बघितलं आणि ओट्यावरच खाली बसली.

सगळा पाय काही आला नाही. आजही मी दमलो की डावं पाऊल फटक करून आपटतं आणि माझी मुलं मला लांबून ओळखतात. पण मी त्या पायावर नोकरी केली, घर बांधलं, मुलं शिकवली, देहूच्या डोंगरावर चढलो. स्प्रिंग वर्षभरात सुटली.

ऐंशी सालाच्या आसपास डॉक्टर नोकरी सोडून कोकणात परत निघाले. त्यांना निरोपसमारंभ नको होता. "सगळे खुर्चीत बसलेले असणार, मला कोण ओळखू येणार?" म्हणाले. आई आणि मी त्यांच्या खोलीवर गेलो. ट्रंक बांधून झाली होती. आईनं वांगी नेली होती, ती त्यांनी पिशवीत वर ठेवली.

"डाक्टर, जरा हुबं ऱ्हावा," आई म्हणाली आणि पाया पडायला वाकली.

"कमरेतून नाय, आई. गुडघ्यात वाका."

आई अर्ध्यात थांबली. "देवाच्या बी असंच पडू का?"

"देवाच्या पण."

तिनं माझ्या खांद्याला धरलं, गुडघे वाकवून सावकाश खाली बसली आणि त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं. डॉक्टरांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. ते तसेच ताठ उभे राहिले. मग आई तशीच माझ्या आधारानं उठली, पदर सारखा केला आणि त्यांना म्हणाली, "जावा आता. पोरगं चालतंय माजं."